बरं वाटावं म्हणून

पहिल्या दिवशी गांगुर्डे सिस्टरनं चपला
जिन्यातच काढल्या, आणि दारातून सांगितलं,
"मी बरं करायला आलेले नाही.
बरं वाटावं म्हणून आलेय."
आई उठून आत गेली,
कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर आलीच नाही.

अण्णा मात्र तिच्याकडे बघत राहिले,
नव्या कोऱ्या कागदाकडे बघायचे तसे,
उजेडाला धरून,
आत जलचिन्ह आहे का.

बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा मोजल्या त्यांनी. स्वतःच्या नव्हेत.
भोंगा सगळ्या जेलरोडला ऐकू जायचा,
पण आधी वाजायचा अण्णांच्या पाठीत.
आता तिथंच दुसरं काही वाजतं,
मणक्यात, पहाटे तीनला, पाळी नसताना.

"शून्य ते दहा. किती दुखतंय?"
"सहा."
ती त्यांच्या मुठीकडे बघत होती.
"मोजणाऱ्या माणसानं कमी सांगू नये, काका."
बऱ्याच वेळानं,
"नऊ. काल साडेनऊ."
आमच्या घरात हा आकडा
तोवर कुणी उच्चारला नव्हता.

मग ती बाटली. कडूजहर. दर चार तासांनी,
दुखायची वाट न बघता.
मामा म्हणाले, सवय लागेल.
"सवय तर दुखण्याची लागलीय त्यांना," सिस्टर म्हणाली,
"ती आधी सोडवू."
त्या रात्री अण्णा घोरले.
आम्ही दोघी अंधारात बसून ऐकत राहिलो,
रेडिओवर जुनं काही लागल्यासारखं.

पलंग खिडकीशी आला.
चादरीची टोकं धरून कूस बदलणं,
ओठांवरून ओला कापूस,
आणि सगळ्यात अवघड, चमचा खाली ठेवणं.
"शरीर आता जेवण मागत नाहीये, काकू.
तुम्ही हरला नाहीत."
आईनं मुगाची पेज झाकून ठेवली,
पिंपळगावचं एक द्राक्ष सोललं, गार केलं.
अण्णांनी ते अर्धा तास चघळलं
आणि निकाल दिला,
"गोडी कमी. यंदा तोडायची घाई केली."

सिस्टरच्या वहीत एकदा डोकावले.
अण्णांच्या खाली माझं नाव होतं.
मुलगी, कुंदा. झोप नाही.
भावाशी बोलणं बंद. रडलेली नाही.
मला वाटत होतं
मी फक्त गोळ्या आणणारी.

एका चांगल्या संध्याकाळी अण्णा आपणहून बोलले.
"रोज सुटताना झडती व्हायची.
खिसे, डबा, चपलासुद्धा.
दिवसभर कोट्यवधी हातावरून गेलेले,
आणि फाटकात हात असे."
तळवे उघडून दाखवले. शाईचा डाग
नव्हता, पण मला दिसला.
"लाज नाही वाटायची?"
"वर्षभर वाटली. मग बरं वाटायला लागलं.
आपल्याकडे काही नाही,
हे कुणीतरी रोज नीट बघून घेतं."

गुरुवारी दुपारी चारचा डोस
मी चमच्यात काढला होता.
तो तसाच राहिला.
आईनं त्यांच्या छातीवर हात ठेवला होता
आणि सिस्टरनं आईच्या पाठीवर.
भाऊ फोनवर होता. कुणीच काही बोलत नव्हतं,
फोन चालू होता.

चौदाव्या दिवशी ती हवेची गादी न्यायला आली.
बाटलीत एकवीस मिली उरलं होतं.
उजेडाला धरून पाहिलं, लिहिलं, माझी सही घेतली.
एक थेंब इकडेतिकडे चालत नाही म्हणाली.
अण्णा असते तर
खूश होऊन पुन्हा मोजायला लावलं असतं.

जिन्यात चपला घालता घालता विचारलं,
"काकू जेवतात?"
"अर्धी पोळी."
"आणि तू? शून्य ते दहा?"

मी सहा म्हणणार होते.